संस्कृत आणि परिवर्तनवादी कार्यकर्ता

परिवर्तनवादी चळवळीच्या अभ्यासशिबिरांत संस्कृतचा विषय निघाला की बहुधा दोन प्रतिक्रिया उमटतात. ज्येष्ठ कार्यकर्ते विषय टाळतात आणि तरुण कार्यकर्ते तो धुडकावून लावतात. संस्कृत म्हणजे पुरोहितशाही, संस्कृत म्हणजे वर्णव्यवस्थेचे समर्थन, संस्कृत म्हणजे पुनरुज्जीवनवाद्यांच्या हातातील हत्यार, असे समीकरण मनात पक्के बसलेले असते. या समीकरणामागे इतिहासातील खरी वेदना आहे आणि तिला हिणवण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु एखादे मत वेदनेतून जन्मले एवढ्यावरून ते बरोबर ठरत नाही. त्याची तपासणी करावीच लागते.

दुसऱ्या बाजूला संस्कृतचा जयघोष करणारा वर्ग आहे. संस्कृत ही देवांची भाषा, ती सर्व भाषांची जननी, सर्व विज्ञान तिच्यात आधीच साठवलेले, संगणकालाही तीच सर्वांत योग्य, असे दावे या वर्गाकडून केले जातात. पूर्वेकडील अध्यात्म हे एकच अखंड शहाणपण असून ते संस्कृतात सुरक्षित आहे, असेही सांगितले जाते. मात्र असे सांगणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी एखादे भाष्य मुळातून वाचलेले असते. धिक्कार करणारा आणि जयघोष करणारा, या दोघांचे एका बाबतीत नकळत एकमत झालेले आहे. संस्कृत ग्रंथांत प्रत्यक्ष काय लिहिले आहे हे उघडून पाहण्याची निकड दोघांनाही भासत नाही. परिणाम असा होतो की ग्रंथ बंद राहतो आणि त्याचा अर्थ सांगण्याचा मक्ता ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे जातो. समाजवादी विचाराच्या कार्यकर्त्याने चिंता करावी अशी गोष्ट ही आहे.

अहमदनगरच्या किल्ल्यातील एक ग्रंथ

या संदर्भात समाजवादी चळवळीच्याच इतिहासातील एक उदाहरण आठवण्याजोगे आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसच्या कार्यकारिणीतील नेत्यांना अटक करून अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्यात ठेवण्यात आले. त्यांत आचार्य नरेंद्र देव होते. १९३४ मध्ये पाटण्यास भरलेल्या पहिल्या समाजवादी परिषदेचे अध्यक्षपद त्यांनीच भूषविले होते. मार्क्सवादी म्हणून ते सर्वज्ञात होते. याच किल्ल्यात जवाहरलाल नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ लिहिला आणि प्रस्तावनेत ज्या सहबंद्यांचे ऋण मान्य केले, त्यांत नरेंद्र देव यांचे नाव आहे. नरेंद्र देव स्वतः या तुरुंगवासात जे काम करीत होते ते मात्र आज फारसे कोणाला ठाऊक नाही. वसुबंधू या बौद्ध आचार्याच्या 'अभिधर्मकोश' या ग्रंथाचा ते हिंदी अनुवाद करीत होते.

हा ग्रंथ चौथ्या-पाचव्या शतकातील. मन आणि पदार्थ यांचे बारकाईने पृथक्करण करून, त्यांत कोठेही नित्य आत्मा सापडत नाही, असे प्रतिपादन तो करतो. जगातील विविधतेचे कारण ईश्वराची इच्छा नसून प्राण्यांचे कर्म आहे, अशी त्याची मांडणी आहे. मूळ ग्रंथ संस्कृतात रचलेला असला तरी भारतात तो नष्ट झाला होता. यशोमित्राची एक संस्कृत टीका तेवढी उरली होती. ग्रंथ जिवंत राहिला तो परमार्थ आणि ह्युएन त्संग यांच्या चिनी अनुवादांत आणि तिबेटी अनुवादात. बेल्जियमचे पंडित ला व्हाले पूसाँ यांनी या साधनांवरून १९२३ ते १९३१ या काळात त्याचा फ्रेंच अनुवाद सिद्ध केला. नरेंद्र देवांच्या हाती होता तो हा फ्रेंच अनुवाद. भारतात लिहिलेला ग्रंथ चीन, तिबेट आणि युरोप असा फेरा करून अहमदनगरच्या बंदिवासात परतला होता.

फ्रेंच येणाऱ्या कोणालाही हा अनुवाद करता आला असता असे मानणे चुकीचे ठरेल. फ्रेंच शब्दाआड कोणती संस्कृत संज्ञा आहे आणि ती संज्ञा बौद्धांच्या शास्त्रात कोणत्या अर्थाने येते, हे ओळखल्याशिवाय पुढे जाणे शक्य नव्हते. नरेंद्र देवांना संस्कृत आणि पाली या दोन्ही भाषा येत होत्या म्हणूनच हे काम होऊ शकले. त्यांचा 'बौद्ध-धर्म-दर्शन' हा मोठा ग्रंथ त्यांच्या निधनाच्या वर्षी, १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

या कथेला आणखी एक धागा आहे. 'अभिधर्मकोशा'चे हरवलेले संस्कृत हस्तलिखित तिबेटातील एका मठात राहुल सांकृत्यायन यांना १९३० च्या दशकात सापडले होते. सांकृत्यायन हे किसान चळवळीत तुरुंगवास भोगलेले, पुढे कम्युनिस्ट झालेले विद्वान. त्या हस्तलिखितावरून मूळ कारिकांची संहिता १९४६ मध्ये प्रसिद्ध केली ती पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातील प्रा. वा. वि. गोखले यांनी. संपूर्ण भाष्य प्रल्हाद प्रधान यांच्या संपादनाखाली १९६७ मध्ये पाटण्याहून निघाले. याच गोखल्यांबरोबर दामोदर धर्मानंद कोसंबी या मार्क्सवादी गणितज्ञाने 'सुभाषितरत्नकोश' हा संस्कृत ग्रंथ संपादिला आणि तो १९५७ मध्ये हार्वर्डच्या ग्रंथमालेत छापला गेला. त्यांचे वडील धर्मानंद कोसंबी गोव्यातील साखवाळचे. बुद्धाच्या शिकवणुकीचा शोध घेण्यासाठी घर सोडून पुणे, काशी, नेपाळ आणि सिंहल असा प्रवास करीत त्यांनी आधी संस्कृत आणि नंतर पाली आत्मसात केली. संस्कृत ही पुनरुज्जीवनवाद्यांची मिरास आहे असे मानणाऱ्यांनी ही नावे एकदा ओळीने वाचावीत.

ओळखीच्या शब्दांचा चकवा

येथे एक शंका स्वाभाविकपणे विचारली जाईल. चांगले अनुवाद उपलब्ध असतील तर मूळ भाषेचा आग्रह कशासाठी? मराठी वाचकाच्या बाबतीत या शंकेचे उत्तर विशेष विचार करण्याजोगे आहे. इंग्रज किंवा जर्मन वाचकाला संस्कृत संज्ञा परकी वाटते. म्हणून तो थांबतो, कोश उघडतो. मराठी वाचकाला ती ओळखीची वाटते आणि तेथेच तो फसतो. संस्कृतातून मराठीत आलेल्या हजारो शब्दांचे अर्थ शतकांच्या ओघात बदललेले आहेत. रूप तेच राहिल्याने बदल ध्यानात येत नाही.

'उपेक्षा' हा शब्द घ्यावा. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावना बौद्ध परंपरा सांगते आणि पतंजलीचे योगसूत्रही सांगते. मराठीत उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष, हेळसांड. करुणेचा उपदेश करणारे शास्त्र शेवटी हेळसांड करावयास सांगते की काय, असा प्रश्न वाचकाला पडावा! शास्त्रात मात्र त्या शब्दाचा अर्थ पक्षपात आणि उद्वेग यांपासून मुक्त असलेली समवृत्ती असा आहे. 'वासना' या शब्दाचेही तसेच. मराठीत तो हाव आणि कामविकार यांच्याशी जोडला गेला. विज्ञानवादी बौद्धांच्या परिभाषेत तो पूर्वानुभवाने चित्तावर उमटलेल्या ठशाचा वाचक आहे. 'धर्म' म्हणजे मराठीत पंथ किंवा कर्तव्य. अभिधर्मात तो क्षणभर टिकणाऱ्या मूलघटकाचे नाव आहे. 'शून्य' म्हणजे काहीच नाही असे समजून नागार्जुन वाचला तर तो सर्वनाशवादी वाटेल. त्याचे म्हणणे एवढेच की कोणतीही वस्तू स्वतःच्या बळावर उभी नाही. ती इतर कारणांवर अवलंबून असते. मूल्य आणि किंमत यांतील भेद लक्षात न घेता रिकार्डो किंवा मार्क्स वाचणाऱ्याची जी गत होईल, तीच या संज्ञा न तपासता भारतीय तत्त्वज्ञान वाचणाऱ्याची होते.

'आस्तिक' आणि 'नास्तिक' या शब्दांचे उदाहरण तर थेट आजच्या वादांना भिडणारे आहे. मराठीत आस्तिक म्हणजे देव मानणारा. दर्शनांच्या वर्गीकरणात आस्तिक म्हणजे वेदाचे प्रामाण्य मानणारा. त्यामुळे जगत्कर्ता ईश्वर न मानणारे ईश्वरकृष्णाचे सांख्य दर्शन आस्तिक गणले जाते. वेदाच्या प्रामाण्यासाठी कंबर कसणारा मीमांसक कुमारिल भट्ट जगाला कोणी निर्माता असल्याच्या कल्पनेचे खंडन करतो, आणि तरीही तो आस्तिकच. भारतीय परंपरा म्हणजे ईश्वरनिष्ठा, असे व्यासपीठावरून ऐकविले जाते तेव्हा या साध्या गोष्टीची माहिती असलेला एक तरी श्रोता सभेत असावयास हवा.

भाषेच्या रचनेतही अर्थ दडलेला असतो. छांदोग्य उपनिषदात उद्दालकाने श्वेतकेतूला केलेला उपदेश अद्वैताचा पाया मानला जातो. तेराव्या शतकातील मध्वाचार्यांनी त्याच उपदेशवाक्याचा संधी वेगळ्या रीतीने सोडविला. मागील शब्दाच्या अंत्य स्वरात एक नकारार्थी 'अ' मिसळलेला आहे असे त्यांनी धरले आणि जीव व ब्रह्म यांचे ऐक्य सांगणारे वाक्य त्यांचा भेद सांगू लागले. यांतील कोणता अर्थ ग्राह्य हा स्वतंत्र प्रश्न आहे. परंतु वाद कोठे आहे हे अनुवादातून दिसत नाही. अनुवादक एक अर्थ निवडतो, आणि त्याने निवड केली होती याचा मागमूसही वाचकाला लागत नाही.

एकमुखी परंपरा की वादांची परंपरा?

संस्कृतातील तात्त्विक ग्रंथांची मांडणी मूलतः वादाची आहे. आधी पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या उत्तम स्वरूपात मांडावयाचे, नंतर त्याचे खंडन करावयाचे आणि मग सिद्धांत सांगावयाचा. या शिस्तीमुळे विरोधकांचे विचार टिकून राहिले. चार्वाकांचे मूळ ग्रंथ नष्ट झाले. त्यांच्या मतांची बरीच माहिती मिळते ती चौदाव्या शतकातील माधवाचार्यांच्या 'सर्वदर्शनसंग्रहा'तून आणि अन्य प्रतिपक्षीयांच्या लेखनातून. जयराशी भट्टाचा 'तत्त्वोपप्लवसिंह' हा सर्व प्रमाणांवर शंका घेणारा ग्रंथ पाटण येथील जैन भांडारात सापडला आणि १९४० मध्ये बडोद्याच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. कोणत्याही श्रद्धेला आधार न देणारी ही पोथी श्रद्धाळू जैनांनी शतकानुशतके जपून ठेवली, हेही नमूद केले पाहिजे.

धर्मकीर्ती या सातव्या शतकातील बौद्ध तर्कपंडिताने बुद्धिमांद्याची लक्षणे सांगितली आहेत. वेदाचे प्रामाण्य मानणे, जगाला कर्ता आहे असे म्हणणे, स्नानाने पुण्य लागते असे समजणे आणि जातीचा अभिमान बाळगणे, ही त्यांपैकी काही. त्याच्या 'प्रमाणवार्तिका'चे मूळ संस्कृतही सांकृत्यायनांच्या तिबेटातील शोधयात्रांमुळेच पुन्हा हाती आले. 'वज्रसूची' या नावाच्या दोन संस्कृत रचना आहेत. एक अश्वघोषाच्या नावावर सांगितली जाते, दुसरी उपनिषद म्हणून ओळखली जाते. ब्राह्मण्य जन्माने ठरते का, देहाने ठरते का, असे प्रश्न विचारून जन्मजात श्रेष्ठत्वाचा पायाच त्या खणून काढतात. महाराष्ट्रात सतराव्या शतकात तुकारामशिष्या बहिणाबाईंनी हा विचार मराठी अभंगांत आणला. वेदाध्ययनाचा अधिकार जिला नव्हता अशा एका स्त्रीने संस्कृतातील हा युक्तिवाद नेमका हेरला आणि लोकभाषेत पोहोचविला. संस्कृतकडे कसे पाहावे याचा याहून चांगला धडा शोधावयास दूर जाण्याची गरज नाही.

आक्षेप आणि त्याचे वजन

तथापि एवढ्यावर समाधान मानणे अप्रामाणिकपणाचे होईल. वादांची ही परंपरा समाजाच्या एका अरुंद थरापुरती मर्यादित होती. शेतकरी, कारागीर, स्त्रिया आणि अस्पृश्य यांना तिच्या दाराशीही उभे राहू दिले जात नव्हते. ज्ञानेश्वरांपासून तुकारामांपर्यंत संतांनी मराठीचा आग्रह धरला तो याच कारणाने. आणि हा अन्याय केवळ मध्ययुगीन नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या शाळेत भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याला संस्कृत घेऊ दिले गेले नाही. त्यास फारसी घ्यावी लागली. नागपूरच्या कुमुद पावडे यांनी दलित समाजातून येऊन संस्कृतात एम. ए. केले. त्या पदवीनंतरही नोकरीसाठी त्यांना दारोदार फिरावे लागले. आंतरजातीय विवाहानंतर आडनाव बदलले आणि मग संस्कृतच्या अध्यापनाची नोकरी मिळाली. सोमकुवर या आडनावाला जे मिळाले नाही ते पावडे या आडनावाला मिळाले, हे त्यांनीच १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या 'अंतःस्फोट' या पुस्तकातून समाजापुढे ठेवले. मे २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले. संस्कृतविषयी बोलणाऱ्या प्रत्येकाने ते पुस्तक वाचले पाहिजे; जयघोष करणाऱ्यांनी तर आधी.

परंतु या अनुभवांतून निष्कर्ष कोणता निघतो? ज्यांना दाराबाहेर ठेवले गेले त्यांनी स्वतः काय मागितले हे पाहिले म्हणजे उत्तर मिळते. डॉ. आंबेडकरांनी 'शूद्र पूर्वी कोण होते?' या १९४६ मधील ग्रंथाच्या प्रस्तावनेत संस्कृतवर प्रभुत्व नसल्याचे प्रांजळपणे मान्य केले आणि बहुतेक वाङ्मय इंग्रजीत उपलब्ध असल्याचेही सांगितले. म्हणजे अनुवादांच्या आधारे मोठे काम होऊ शकते, ही गोष्ट नाकारता येत नाही. मात्र त्यांच्यासारखी तुलना करून पाहण्याची चिकाटी विरळा, आणि ज्या इंग्रजी अनुवादांवर त्यांनी काम केले ते केवळ मराठी जाणणाऱ्या कार्यकर्त्याच्या आवाक्यात नाहीत. शिवाय त्याच आंबेडकरांनी सप्टेंबर १९४९ मध्ये संस्कृतला राजभाषा करावे अशा दुरुस्तीस संविधानसभेत पाठिंबा दिला. ती सूचना व्यवहार्य होती की नव्हती यावर मतभेद होऊ शकतात. पण ज्याला संस्कृत नाकारले गेले तो मनुष्य ती भाषा सर्वांची व्हावी असे म्हणत होता, एवढे त्यावरून स्पष्ट होते. कुमुद पावडे यांनीही संस्कृत टाकून दिले नाही. ते शिकविण्याचा हक्क मिळविला.

जमिनीच्या प्रश्नाशी याची तुलना करता येईल. जमीनदाराने पिढ्यान् पिढ्या जमीन अडवून धरली म्हणून समाजवाद्यांनी जमीन पडीक ठेवा असे कधी म्हटले नाही. कसेल त्याची जमीन असे म्हटले. भाषा आणि तीतील ज्ञान हीदेखील समाजाच्या श्रमातून निर्माण झालेली संपत्ती आहे. पंडितांनी ग्रंथ लिहिले तेव्हा त्यांच्या पोटाला धान्य पिकविणारे हात दुसऱ्यांचे होते. या संपत्तीत त्या हातांच्या वारसांचाही वाटा आहे. मक्तेदारी मोडण्याचा मार्ग वाटपाचा आहे. त्यागाने मक्तेदार अधिकच निर्धास्त होतो.

किंबहुना टीका करावयाची असेल तरी मूळ ग्रंथ जाणल्याखेरीज ती टिकत नाही. अद्वैत म्हणजे समतेचे तत्त्वज्ञान, असे अनेक प्रवचनांतून सांगितले जाते. ब्रह्मसूत्रावरील शांकरभाष्यात अपशूद्राधिकरण नावाचा भाग आहे. सर्वांभूती एकच ब्रह्म आहे असे सिद्ध करणारे आचार्य तेथे शूद्राला वेदाध्ययनाचा अधिकार नाही असा निर्णय देतात. हा भाग प्रवचनात वगळला जातो. श्रोत्याला भाष्य उघडता येत नसेल तर काय वगळले हे त्याला कळणार कसे? उलट, शास्त्राचा आधार घेऊन अस्पृश्यतेचे समर्थन करणाऱ्यांना शास्त्रातूनच उत्तर देण्याचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी गांधीजींच्या अस्पृश्यतानिवारणाच्या लढ्यात केले, आणि पुढे 'हिंदुधर्माची समीक्षा' लिहून त्या धर्माची चिकित्साही केली. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत झालेल्या अध्ययनावाचून हे शक्य झाले नसते.

मर्यादा आणि कार्यक्रम

संस्कृतचे महत्त्व सांगताना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. संस्कृत म्हणजे संपूर्ण पूर्व नव्हे. कन्फ्यूशियस आणि लाओत्झ यांचे विचार संस्कृतच्या ऋणाशिवाय उभे राहिले. बुद्धवचनांचा मोठा संग्रह पालीत आहे, जैन आगम अर्धमागधीत आहेत, आळवारांची भक्ती तमिळमध्ये आहे, तर वारकऱ्याला विठ्ठलाशी बोलण्यासाठी कोणत्याही व्याकरणाची आवश्यकता नाही. श्रद्धेने जगण्यासाठी संस्कृत लागत नाही. तत्त्वज्ञानातील युक्तिवाद समजून घेण्यासाठी, तो कोठे बळकट आहे आणि कोठे लंगडा आहे हे पारखण्यासाठी ते लागते.

आजच्या परिस्थितीत हा विषय अधिक निकडीचा झाला आहे. २०११ च्या जनगणनेत संस्कृत ही मातृभाषा म्हणून नोंदविणाऱ्यांची संख्या २४,८२१ होती. २०२० च्या कायद्याने तीन संस्कृत विद्यापीठांना केंद्रीय विद्यापीठांचा दर्जा मिळाला आणि त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने संस्कृतवर भर दिला. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठी, पाली, प्राकृत, बंगाली आणि असमिया यांना अभिजात भाषेचा दर्जा देण्यात आला. संस्कृतवर सार्वजनिक पैसा खर्च होत आहे. तो कोणत्या संस्कृतवर खर्च होतो, हा प्रश्न विचारणे लोकशाहीवादी नागरिकाचे काम आहे. पाठांतर, स्तोत्रे आणि कर्मकांड यांवर की तर्क, व्याकरण आणि वाद यांवर? धर्मकीर्ती आणि जयराशी अभ्यासक्रमात आहेत की नाहीत? शिकविणाऱ्यांत आणि शिकणाऱ्यांत बहुजन समाजातील किती आहेत? हे प्रश्न संस्कृतला पाठ फिरविणाऱ्याला विचारता येत नाहीत. विषयाची माहिती नसलेल्याच्या आक्षेपाला कोणतीही समिती उत्तर देत नाही.

या दृष्टीने काही मागण्या करता येतील. पहिली, संस्कृतचे अध्यापन पाली आणि प्राकृत यांच्या जोडीने व्हावे, म्हणजे एका परंपरेने दुसरीला दिलेली उत्तरे विद्यार्थ्याच्या कानी पडतील. दुसरी, प्रमुख दार्शनिक ग्रंथांचे मराठी अनुवाद सार्वजनिक खर्चाने व्हावेत, त्यांत पर्यायी अर्थ टिपांत दिलेले असावेत आणि त्यांची किंमत कार्यकर्त्याला परवडणारी असावी. तिसरी, पारिभाषिक संज्ञांचा एक विश्वसनीय मराठी कोश तयार व्हावा. नवव्या शतकाच्या आरंभी तिबेटने 'महाव्युत्पत्ती' हा संस्कृत-तिबेटी संज्ञाकोश राजाज्ञेने सिद्ध केला आणि अनुवादकांनी एका संज्ञेला एकच प्रतिशब्द वापरावा असा नियम घालून दिला. त्यामुळे तिबेटी अनुवाद इतके काटेकोर झाले की हरवलेल्या संस्कृत ग्रंथांची कल्पना त्यांवरून करता येते. बाराशे वर्षांपूर्वी तिबेटने केले ते आज महाराष्ट्राला अशक्य असण्याचे कारण नाही.

सरकारकडे मागण्या करून थांबणेही योग्य नव्हे. प्रत्येक जिल्ह्यातील दोन-चार कार्यकर्त्यांनी आठवड्यातील दोन तास राखून ठेवले तर एका वर्षात प्राथमिक व्याकरण हाती येते आणि मराठी अनुवाद शेजारी ठेवून सोपी संहिता लावता येते. अभ्यासवर्गात एखादा पूर्वपक्ष आणि त्याचे उत्तर घेऊन चर्चा करता येईल. पंडित होणे सर्वांना शक्य नाही आणि आवश्यकही नाही. जो अर्थ सांगितला जात आहे तो ग्रंथात आहे का, एवढे विचारण्याइतकी तयारी पुरे.

नरेंद्र देवांनी तुरुंगात जो ग्रंथ उघडला तो आत्मा नाकारणारा, ईश्वर नाकारणारा आणि संस्कृतात लिहिलेला होता. स्वातंत्र्याच्या लढ्याला त्या अभ्यासाने बाधा आली नाही, त्यांच्या समाजवादालाही नाही. आज तो ग्रंथ मूळ संस्कृतात छापील स्वरूपात उपलब्ध आहे. त्यासाठी तिबेटला जावे लागत नाही की फ्रेंच शिकावी लागत नाही. तो वाचणारे कार्यकर्ते चळवळीने तयार करावयाचे आहेत.